ओल, खंडणी, सुपारी : मावळाच्या वाटेवरचे शब्द

माणूस धरून ठेवायचा आणि त्याच्या बदल्यात पैसा, किल्ला किंवा वचन मिळवायचे, हा व्यवहार महाराष्ट्रात अनेक शतके उघडपणे चालत आला. राजे, सरदार, देशमुख, सावकार आणि बंडवाले अशा सगळ्यांनीच तो केला. त्याचे काही नियम होते, ठरलेल्या रीती होत्या आणि त्याची स्वतःची शब्दसंपदाही होती. ओल, खंडणी, चौकी, वेठ, उचल हे त्यातले काही शब्द. आज या व्यवहारांपैकी बहुतेक कायद्याने गुन्हे आहेत. शब्द मात्र मराठीतच राहिले. काहींचे अर्थ पालटले आणि त्यांच्या शेजारी सुपारी, पेटी, खोका, सहल, डिजिटल अटक असे नवे शब्द येऊन बसले. या शब्दांचा इतिहास पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात विशेष ठळकपणे दिसतो.

त्याचे कारण भूगोलात आहे. कोकणातून देशावर चढणारी बोरघाटाची वाट खंडाळा आणि लोणावळ्यापाशी माथ्यावर येते आणि कार्ले, वडगाव, तळेगाव करत पुण्याकडे जाते. राजमाची, लोहगड आणि विसापूर या वाटेवर नजर ठेवतात. पवन मावळात तुंग आणि तिकोना उभे आहेत. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांची वस्ती विरळ, पाऊस प्रचंड आणि आडवाटा अनेक. वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती वाटसरू. म्हणून येथे किल्ल्यांची देवघेव झाली, सैन्ये कोंडली गेली आणि तह झाले. आणि यांतल्या बहुतेक प्रसंगी कोणीतरी माणूस तारण म्हणून ठेवला गेला.

ओल

तह पाळला जाईल याची हमी म्हणून दुसऱ्या पक्षाच्या स्वाधीन केलेल्या माणसाला जुन्या मराठीत ओल किंवा ओलीस म्हणत. ओल हा कैदी नव्हे. कैदी लढाईत पाडाव होतो किंवा दस्त केला जातो. ओल ठरवून दिला जातो. त्याला मानाने वागवावे, त्याच्या दर्जाला साजेशी व्यवस्था ठेवावी आणि अटी पुऱ्या झाल्यावर त्याला परत पाठवावे, अशी अपेक्षा असे. माणूस जितका मोठा, तितकी हमी पक्की. म्हणून ओल म्हणून बहुधा मुलगा, भाऊ किंवा जवळचा कारभारी मागितला जाई.

मावळातील किल्ल्यांशी जोडलेले याचे सर्वांत ठळक उदाहरण जून १६६५ मधले आहे. पुरंदरच्या तहाने शिवाजी महाराजांनी मोगलांना २३ किल्ले द्यायचे ठरले. त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे होते. किल्ले ताब्यात येईपर्यंत हमी म्हणून संभाजीराजांना मिर्झाराजा जयसिंगाच्या छावणीत राहावे लागले. त्यांचे वय तेव्हा आठ वर्षांचे होते. मावळातले चार बुलंद किल्ले आणि एक लहान मुलगा या तहाच्या तराजूत एकाच पारड्यात होते. पुढे १६७० मध्ये लोहगड पुन्हा मराठ्यांकडे आला.

ओल ठेवण्याची रीत किती क्रूरपणे लांबू शकते, हे पुढच्या पिढीने पाहिले. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहूंची सुटका झाली, पण येसूबाईंना मोगलांनी आपल्याकडेच ठेवले. मुलाने मर्यादा ओलांडू नये म्हणून आई तारण राहिली. त्या परतल्या १७१९ मध्ये, पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले तेव्हा. बंदिवासाची ही तीस वर्षे धरल्याशिवाय ओल या शब्दाचे वजन कळत नाही.

वळवणची बोलणी

१७१३ मध्ये मावळात एक पेशवाच पकडला गेला. कान्होजी आंग्रे तेव्हा शाहूंच्या विरुद्ध पक्षात होते. त्यांच्यावर शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवले. कान्होजींनी त्यांचा पराभव करून त्यांना कैद केले आणि लोहगड, राजमाची ताब्यात घेऊन घाटमाथ्यावर पाय रोवले. साताऱ्यावर चाल होण्याची भीती निर्माण झाली. अशा वेळी १७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरी येथे बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवेपद मिळाले आणि त्यांच्यावर पहिली मोठी कामगिरी पडली ती पकडलेल्या पेशव्याला सोडवण्याची.

बाळाजींनी लढण्याऐवजी बोलणी केली. १७१४ च्या आरंभी लोणावळ्याजवळच्या वळवण येथे दोघांची भेट झाली. कान्होजींनी बहिरोपंतांना सोडले, शाहूंचे स्वामित्व मान्य केले आणि राजमाचीखेरीज जिंकलेला मुलूख परत दिला. बदल्यात त्यांना सरखेलपद म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी मिळाली. आज वळवण हा लोणावळ्याचाच भाग आहे आणि बहुतेकांना तो टाटांच्या धरणामुळे माहीत आहे. मराठा आरमार आणि सातारची गादी यांची गाठ मात्र एका कैद्याच्या सुटकेच्या निमित्ताने याच ठिकाणी बांधली गेली.

याच काळात खुद्द बाळाजी विश्वनाथांवरही धरले जाण्याची वेळ आली होती. पाटस भागात हिंगणगावला दमाजी थोरात गढी बांधून राहत होता. बोलणी करण्यासाठी त्याने बाळाजींना बोलावले आणि बेलभंडार उचलून शपथ घेतली. बेलभंडार म्हणजे बेलाचे पान आणि हळद हातात घेऊन देवाला साक्षी ठेवणे. बाळाजी कुटुंबासह आत येताच त्यांना अडकवण्यात आले आणि सुटकेसाठी रक्कम मागण्यात आली. शपथेची आठवण दिल्यावर दमाजीने बेल म्हणजे झाडाचे पान आणि हळद तर रोज जेवणात खातो, अशा अर्थाचे उत्तर दिल्याची हकिकत इतिहासकार ग्रँट डफने नोंदवली आहे. कैद्यांच्या तोंडाला राखेचे तोबरे बांधण्याची धमकी दिली गेली. तोबरा म्हणजे घोड्याला चंदी खायला घालण्याची तोंडाला बांधायची पिशवी. तीत राख भरून माणसाच्या तोंडाला बांधली की श्वास कोंडतो. शेवटी शाहूंनी पैसे भरून त्यांना सोडवले. पुढे दमाजीचा बंदोबस्त झाला आणि हिंगणगावची गढी पाडून टाकण्यात आली.

वळवण आणि हिंगणगाव या दोन प्रसंगांत फरक आहे आणि त्या काळच्या लोकांनाही तो ठाऊक होता. कान्होजींनी लढाईत माणूस पकडला आणि तहात सोडला. दमाजीने पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस अडकवला. पहिल्याला राजकारण म्हणत, दुसऱ्याला दगा.

खंडणी, घासदाणा, मसाला

खंडणी हा शब्द आज ऐकला की धमकीचा फोन आठवतो. जुना अर्थ वेगळा होता. खंडणे म्हणजे रक्कम ठरवून पक्की करणे. जमीन खंडाने देतात तीही ठराविक रकमेवर. शहर किंवा परगणा लुटीतून वाचावा म्हणून त्याने द्यायची ठरलेली रक्कम ती खंडणी, आणि मांडलिकाने वरच्या सत्तेला दरवर्षी पाठवायची रक्कम तीही खंडणीच. ती कागदावर येई, तिचे हप्ते पडत आणि ती वेळेवर न आल्यास जामीन किंवा ओल मागितला जाई. बळाचा धाक पाठीशी होता, पण व्यवहार उघड होता.

अशा वसुलीला सौम्य नावे देण्याची सवयही जुनी. फौजेच्या घोड्यांच्या वैरणीचे निमित्त करून घेतलेली रक्कम घासदाणा म्हणून ओळखली जाई. सरकारी बोलावणे घेऊन आलेल्या शिपायाचा दररोजचा खर्च ज्याला बोलावले त्याच्याकडूनच घेत. त्याचे नाव मसाला. बाकी थकली की घरावर चौकी बसे, म्हणजे पहारेकरी दारात बसत, आणि घरातले लोक बाहेर पडू शकत नसत. चौकी बसणे ही घरातली कैदच होती, पण शब्दात कैद नव्हती.

गरीब माणसाच्या वाट्याला यातला सर्वांत कठोर शब्द आला, तो वेठ. संस्कृतातल्या विष्टीपासून आलेला हा शब्द म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. किल्ल्याच्या घेऱ्यातल्या गावांना गडावर गवत, लाकूड आणि सामान पोहोचवावे लागे. फौज घाट चढू लागली की ओझी वाहायला वाटेवरची माणसे धरली जात. वेठीस धरणे हे शब्दशः खरे होते: माणूस शेतातून किंवा घरातून धरून नेला जाई. जुन्या इनामपत्रांत वेठबेगार माफ असल्याचा उल्लेख वारंवार येतो, यावरूनच तिचा जाच किती होता ते दिसते. आज संपामुळे प्रवाशांना वेठीस धरले, असे वर्तमानपत्रे लिहितात, तेव्हा मावळच्या खोऱ्यांतल्या त्या अनाम माणसांचा अनुभव त्या क्रियापदात शिल्लक असतो.

वडगाव, १७७९

मावळातला ओलिसांचा सर्वांत गाजलेला प्रसंग इंग्रजांचा आहे. पेशवेपदाचे दावेदार रघुनाथराव यांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी नोव्हेंबर १७७८ मध्ये फौज पाठवली. सुमारे ३,९०० माणसे आणि सामान ओढायला सुमारे १९,००० बैल असा तिचा पसारा होता. कर्नल चार्ल्स एगर्टन आणि जॉन कारनॅक तिचे प्रमुख होते. कॅप्टन जेम्स स्टुअर्टने पुढे जाऊन बोरघाटाचा माथा धरला आणि डिसेंबरच्या अखेरीस सारी फौज खंडाळ्याला जमली.

पुढची चाल अतिशय मंद होती. मराठ्यांकडून महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके आणि नाना फडणीस यांनी समोरासमोर निकराची लढाई टाळली. वाटेवरची गावे आणि वैरण जाळून टाकली, रसद तोडली आणि दोन्ही बाजूंनी तोफांचा मारा चालू ठेवला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यापाशी तोफेचा गोळा लागून कॅप्टन स्टुअर्ट ठार झाला. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोहोचली, तेव्हा तेथे राख उरली होती. पुणे जेमतेम १८ मैलांवर असताना परत फिरण्याचा निर्णय झाला. जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान जाळले आणि ११ जानेवारीच्या रात्री माघार सुरू झाली. मराठ्यांना तिचा सुगावा लागलेला होता. वडगावापाशी फौज चहूकडून कोंडली गेली.

जानेवारीच्या मध्यावर वडगावचा तह झाला. १७७३ पासून मिळवलेली साष्टी व गुजरातेतील ठाणी परत करायची, बंगालहून येत असलेली फौज थांबवायची आणि रघुनाथरावांना मराठ्यांच्या स्वाधीन करायचे, या मुख्य अटी होत्या. हमी म्हणून विल्यम फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट हे दोघे महादजींकडे ओलीस राहिले. मग उरलेल्या फौजेला मुंबईपर्यंत जाऊ दिले गेले.

मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही ठिकाणच्या इंग्रज सरकारांनी तह नाकारला. बंगालहून निघालेला जनरल गॉडर्ड, ज्याला मराठी कागदपत्रे गाडर म्हणतात, फेब्रुवारी १७७९ मध्ये सुरतेला पोहोचलाही. रघुनाथरावांना झाशीकडे नेत असताना नर्मदेच्या काठी ते पहाऱ्यातून निसटले आणि पुन्हा इंग्रजांकडे गेले. जुन्या रीतीप्रमाणे तह मोडला की ओलिसांच्या जिवाची हमी राहत नसे. तरीही फार्मर आणि स्टुअर्ट यांना महादजींनी धक्का लावला नाही. मार्च १७८० मध्ये गुजरातेत गॉडर्डशी बोलणी चालू असताना त्यांनी दोघांनाही सोडून दिले. महादजींना इंग्रजांशी पुढचा मार्ग खुला ठेवायचा होता. १७८२ मधील सालबाईच्या तहात तेच मध्यस्थ ठरले. धरलेल्या माणसाला जपणे हेही राजकारणाचेच अंग होते, हे महादजींना नेमके उमगले होते.

वडगावला आज महादजींचे स्मारक आहे. बोरघाटाच्या वाटेने इंग्रज १७८१ मध्ये पुन्हा वर आले, खंडाळ्यापर्यंत पोहोचले आणि त्या वेळीही मोठे नुकसान सोसून पनवेलकडे माघारी गेले.

इष्टुर फाकडा

त्या मोहिमेने मराठीला एक झळझळीत नावही दिले. कार्ल्याला पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टला मराठ्यांनी इष्टुर फाकडा म्हटले. फाकडा म्हणजे धाडसी, ऐटबाज, जिवाची पर्वा न करता पुढे घुसणारा. मराठ्यांनी हा शब्द आपल्याच वीरांना लावलेला होता. मानाजी शिंदे हे फाकडे म्हणूनच प्रसिद्ध आहेत. तोच शब्द शत्रूच्या अधिकाऱ्याला लावण्यात त्या काळची रणांगणावरची रीत दिसते. शौर्य कोणत्या बाजूचे आहे, याचा विचार न करता त्याला नाव मिळाले. १८२६ मध्ये ग्रँट डफने आपला इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हाही मराठे त्याला याच नावाने आठवत असल्याचे त्याने लिहिले. वडगावात त्याची समाधी दाखवली जाते.

परकी नावे तोंडवळणी पाडण्याची ही सवय अठराव्या शतकाच्या पत्रव्यवहारात जागोजागी दिसते. युरोपियनांना टोपीकर म्हणत, गॉडर्डचा गाडर झाला, कवायती फौजेच्या तुकडीला पलटण हे नाव रुळले. आज आपण घरातल्या मुलांच्या घोळक्याला पलटण म्हणतो, तेव्हा तो शब्द परका वाटत नाही. लढाई, तह आणि कैद यांच्या निमित्ताने दोन भाषा जवळ आल्या की असे शब्द जन्मतात.

लोहगड आणि पेशवाईचा शेवट

अठराव्या शतकाच्या अखेरीस ओलीची मर्यादा मोडली. नाना फडणीसांनी लोहगडावर बराच पैसा खर्च करून तो मजबूत केला होता आणि आपला ठेवा तेथे राखला होता. किल्लेदारी धोंडोपंत नित्सुरे यांच्याकडे होती. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या नोकरीतला नेपल्सचा मायकेल फिलोज याने शपथेवर सुरक्षिततेची हमी देऊन नानांना शिंद्यांच्या छावणीत आणले आणि तेथे त्यांना अटक झाली. त्यांचा वाडा लुटला गेला आणि त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. १७९८ मध्ये दहा लाख रुपये घेऊन त्यांना सोडण्यात आले. बेलभंडाराची जागा परदेशी अधिकाऱ्याच्या शपथेने घेतली होती. दगा तोच होता.

त्याच वर्षी दौलतरावांचा कारभारी सर्जेराव घाटगे याने पैसे काढण्यासाठी पुण्यातल्या सधन लोकांना धरून त्यांचे हाल केले, तापलेल्या तोफेला बांधले. यशवंतराव होळकरांच्या १८०२ मधल्या पुण्यावरच्या चढाईनंतरही सावकारांकडून अशीच वसुली झाली. या काळात खंडणी या शब्दाला आजचा अर्थ चिकटू लागला: ठरलेले देणे हा भाग मागे पडला आणि धरून, मारून काढलेले पैसे हा भाग पुढे आला. नाना १८०० मध्ये वारल्यावर त्यांच्या पत्नी जिऊबाई नित्सुऱ्यांच्या आश्रयाने लोहगडावर राहिल्या आणि नंतर इंग्रजांच्या हमीवर पनवेलला गेल्या. मार्च १८१८ मध्ये लोहगड इंग्रजांच्या हाती गेला आणि तारण माणसांचे हे राजकारण मावळात संपले.

कायद्याचे शब्द आणि कष्टकऱ्यांचे शब्द

इंग्रजी अमलात माणूस धरणे हा राज्याविरुद्धचा आणि व्यक्तीविरुद्धचा गुन्हा ठरला. १८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम ३५९ पासून अपहरणाचे प्रकार वेगवेगळे केले: पालकाच्या ताब्यातून लहान मुलाला नेणे वेगळे, बळाने किंवा फसवून कोणालाही नेणे वेगळे. खंडणीसाठी अपहरण हा स्वतंत्र गुन्हा म्हणून कलम ३६४अ मात्र १९९३ मध्ये आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम १४० मध्ये आहे. अपहरण हा संस्कृत शब्द कचेरीतून आणि वर्तमानपत्रातून घरात आला. बोलीत मात्र लोक अजूनही पळवून नेले म्हणतात. या क्रियापदाची अडचण अशी की स्वतःच्या इच्छेने घर सोडून लग्न केलेल्या मुलीबद्दलही घरचे तेच बोलतात. पळून आणि पळवून यांत एका अक्षराचे अंतर आहे आणि न्यायालयात त्यावर तरुणांचे आयुष्य अवलंबून असते.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये रेल्वे घाट चढली. अशा कामांबरोबर मुकादम आणि मजुरांच्या टोळ्यांचे जग मोठे झाले. त्या जगातला शब्द उचल. कामापूर्वी दिलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल. ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या आणि कोळशाच्या भट्टीच्या कामात ती आजही चालते. मावळ आणि शेजारच्या रायगडातील कातकरी कुटुंबे पावसाळ्यातल्या उपासमारीत उचल घेतात आणि ती फिटेपर्यंत भट्टीवर अडकतात. उचल फिटली नाही म्हणून मजुराला डांबून ठेवणे हे ओल ठेवण्याचेच उघडेवाघडे रूप आहे. फरक एवढाच की येथे तहाची दुसरी बाजू लिहिता-वाचता न येणारी असते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने हा व्यवहार रद्द केला. शब्द आणि व्यवहार पुरते गेलेले नाहीत.

याच धातूचा दुसरा शब्द एका समाजाच्या माथी मारला गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. उचल्या हा शब्द चोरीशी आणि जातीशी एकदमच जोडला गेला. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले आणि त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अपमानाचा शब्द उलटवून साक्षीचा करण्याचे हे मराठीतले मोठे उदाहरण आहे.

सुपारी, पेटी, खोका

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या टोळ्यांच्या बोलीने मराठीत नवी भर घातली. त्यातला सर्वांत परिचित शब्द सुपारी. पण हा शब्द टोळ्यांनी घडवलेला नाही. लग्न ठरले की सुपारी फुटते. तमाशाच्या फडाला यात्रेचा खेळ ठरवून दिला की त्याला सुपारी म्हणतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात. आव्हान स्वीकारण्याला विडा उचलणे म्हणतात. व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून पान-सुपारी देण्याची ही जुनी चाल. टोळ्यांनी ती खुनाच्या आणि अपहरणाच्या ठरावाला लावली.

पैशाचेही सांकेतिक शब्द झाले: पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. घोडा म्हणजे पिस्तूल. उचलणे म्हणजे धरून गाडीत घालणे. हा शब्द गुंड आणि पोलीस दोघेही वापरतात. गेम करणे म्हणजे ठार मारणे. हप्ता हा बचत आणि कर्जफेडीचा साधा शब्द दुकानदाराच्या तोंडी दर महिन्याच्या धाकाचा शब्द झाला. घासदाणा आणि मसाल्याप्रमाणे येथेही कृतीचे नाव झाकले जाते. बोलणाऱ्याला पकडले तरी शब्द निरपराध दिसतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनातली भीती रोजच्या वस्तूंच्या नावाखाली दबते.

पळवापळवी आणि सहल

राजकारणाने यातले बरेच शब्द उचलले. १९६७ मध्ये हरियाणात पक्ष बदलणाऱ्या आमदारामुळे आयाराम-गयाराम हा शब्दप्रयोग देशभर गेला. पक्षांतराला आळा घालणारा कायदा १९८५ मध्ये झाला. तरी फोडाफोडी, पळवापळवी, घोडेबाजार हे शब्द निवडणुकीनंतरच्या बातम्यांतून हटले नाहीत. पंचायत समिती, जिल्हा परिषद, बाजार समिती यांच्या मतदानाआधी सदस्यांना एकत्र कोठेतरी नेऊन ठेवण्याला सहल म्हणतात. सदस्य अज्ञातस्थळी असतात आणि त्यांचे फोन नॉट रिचेबल असतात. सहल हा शब्द शाळेतल्या मुलांचा; तो येथे ओल ठेवण्याचे काम करतो, कारण मतदान होईपर्यंत सदस्यांना परत येऊ देत नाहीत.

२१ जून २०२२ रोजी शिवसेनेचे अनेक आमदार एकनाथ शिंदे यांच्याबरोबर सुरतेला गेल्याचे उघड झाले आणि तेथून ते गुवाहाटीला गेले. आपल्याला बळजबरीने नेल्याचा आरोप परत आलेल्या एका आमदाराने केला. सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे फोनवरचे झाडी, डोंगर आणि हॉटेलचे वर्णन घराघरांत पोहोचले. विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘५० खोके’ची घोषणा दिली आणि टोळ्यांच्या बोलीतला खोका लोकशाहीच्या चर्चेत आला. हे शब्द विनोदी वाटतात म्हणून पसरले, पण त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न गंभीर आहे: मत देणारा माणूस स्वतःच्या इच्छेने फिरतो आहे की धरून ठेवला आहे.

अफवा आणि न दिसणारी कोठडी

मुले पळवणारी टोळी ही अफवा महाराष्ट्रात जुनी आहे. मोबाइलवरच्या संदेशांनी तिला वेग दिला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने या संशयावरून मारून टाकले. त्यांनी कोणाचेही मूल पळवलेले नव्हते. भटक्यांवर चोरीचा शिक्का मारणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला होता. त्याने रुजवलेला संशय साठ वर्षांनंतरही जीव घेण्याइतका जिवंत होता.

सर्वांत नवा शब्द डिजिटल अटक. पोलीस, तपास यंत्रणा किंवा न्यायालयाचे नाव सांगून ठग व्हिडिओ कॉलवर माणसाला घाबरवतात, कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाहीत आणि खात्यातले पैसे काढून घेतात. कायद्यात अशी अटक अस्तित्वात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये याबद्दल सावध केले. यात दारात पहारेकरी नसतो, तोबरा नसतो, किल्ला नसतो. तरी एकटा राहणारा वृद्ध माणूस स्वतःच्या घरात अनेक तास कोंडला जातो आणि स्वतःच्या हाताने खंडणी भरतो. चौकी बसवण्याची जुनी रीत येथे दूरवरून चालते. संगणकातली माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्यांनी तर माणसाऐवजी माहितीलाच ओलीस केले. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायच्या हल्ल्याने जगभर हे दाखवून दिले.

साडेतीनशे वर्षांच्या या शब्दांकडे एकत्र पाहिले तर त्यांचे तीन गट पडतात. ओल, पाडाव, वेठ हे शब्द कृती सरळ सांगतात. घासदाणा, मसाला, हप्ता, सहल हे शब्द ती झाकतात. सुपारी, पेटी, उचलणे हे शब्द रोजच्या व्यवहारातून घेतलेले असून संदर्भ बदलताच भीतीचे होतात. सत्ता उघड असते तेव्हा पहिल्या गटाचे शब्द चालतात. कायद्याचे भय किंवा लोकलाज असते तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे. म्हणून नव्या शब्दांची वाढ ही केवळ बोलीची गंमत नाही. धरून ठेवलेल्या माणसाचे नाव वाक्यातून कधी गळाले, हे ती दाखवते. मावळच्या वाटेवर आठ वर्षांचे संभाजीराजे, पकडलेले बहिरोपंत, फार्मर आणि स्टुअर्ट यांची नावे इतिहासाने जपली, कारण ती मोठी माणसे होती. वेठीला धरलेल्या मावळ्यांची, भट्टीवर डांबलेल्या कातकऱ्यांची आणि फोनसमोर कोंडलेल्या वृद्धांची नावे तशी राहत नाहीत. त्यांच्या बाबतीत घडलेली गोष्ट नेमक्या शब्दांत लिहिणे, पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि वर्तमानपत्रात अपहरणाला अपहरण आणि डांबून ठेवण्याला डांबून ठेवणे म्हणणे, ही त्या शब्दांच्या इतिहासातून मिळणारी सर्वांत उपयोगाची शिकवण आहे.